मांजर मान-कान ओरबाडते, दूध-भात आणि सुकट खाते. खाणं बदलू का?

आधी पिसवा बघा. बेळगाव-खानापूरकडच्या पावसाळी दमटपणात त्या झपाट्याने वाढतात, आणि ॲलर्जी असलेल्या मांजराला एखादी चावली तरी पुरते. शेपटीच्या बुडाशी बारीक फणी फिरवा, निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कापसावर टाका. तांबूस डाग पसरला की ती पिसवांची विष्ठा. मग मांजरासाठीचंच औषध, वजनानुसार, दर महिन्याला, किमान तीन महिने. घरातल्या सगळ्या जनावरांना. कुत्र्याचं पर्मेथ्रिनवालं औषध मांजराला लावू नका, जीव जातो. फरशीला फिनेलही नको.

त्यानंतरही खाजवत राहिली तर खाण्याची परीक्षा. कोंबडी, मासे, गोमांस, दूध यांवर संशय जास्त. पूर्वी न खाल्लेलं एकच मांस, समजा बोकडाचं, मीठ-हळद-कांदा-लसूण न घालता उकडून सुपासकट द्या; टॉरिन हे मांजराला लागणारं पोषकद्रव्य पाण्यात उतरतं. जुन्या खाण्यात मिसळत सात दिवसांत पूर्ण बदला. मग आठ आठवडे दुसरं काही नाही. इथंच घोळ होतो: शेजारच्या मावशी सुकटीचं डोकं टाकतात आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून. खाज थांबली तर जुनं खाणं द्या. दोन आठवड्यांत परत सुरू झाली तर कारण तेच.

नुसतं मांस कायमचं नको, कॅल्शियम कमी पडतं. पुढचा संतुलित आहार डॉक्टरांकडून ठरवून घ्या. दिवसभर काहीच खाल्लं नाही तर मात्र वाट बघू नका, डॉक्टरांना दाखवा; जाड मांजरांचं यकृत उपाशीपणी लवकर बिघडतं.