धाकटा म्हणूनच कड्यावर जातो का?

प्रश्न: ताई, आम्ही धुळ्याचे. थोरला २६ चा, किराणा दुकान बघतो, गाडी चाळिसाच्या पुढे नेत नाही. धाकटा २० चा. मित्रांसोबत लळिंगच्या किल्ल्यावर रॅपलिंग (दोराने कडा उतरणं) करून आला, आता क्लायंबिंगचा कोर्स करायचा म्हणतो. रात्री पलंगाच्या पायाला दोर बांधून गाठी मारत बसतो. सासूबाई म्हणतात, ‘धाकला असाच ऱ्हास!’ (म्हणजे धाकटा असाच असतो). खरंच असं असतं का? परवानगी द्यावी का? थोरल्यानेही विसाव्या वर्षी सारंगखेड्याच्या पुलावरून तापीत उडी मारली होती, पण यांच्या ऑपरेशननंतर त्याने दुकान हाती घेतलं, तेव्हापासून नाही.

उत्तर: सासूबाई अगदीच हवेतलं बोलत नाहीत. २०१० मध्ये फ्रँक सलोवे आणि रिचर्ड झ्वायगेनहाफ्ट या अमेरिकन संशोधकांनी २४ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा धोक्याच्या खेळांत उतरण्याची शक्यता धाकट्यांमध्ये साधारण दीडपट निघाली. सलोवेंचं म्हणणं असं, की घरातली ‘शहाणा’ ही जागा थोरल्याने आधीच धरलेली असते, मग धाकटा आपली वेगळी वाट काढतो. पण २०१९ च्या एका अभ्यासात सर्वेक्षणं, प्रयोग, एवढंच काय, जुने शोधप्रवासी आणि क्रांतिकारकही तपासले गेले, आणि मोठेपणी जोखीम घेण्याशी जन्मक्रमाचा संबंध सापडला नाही.

मला तर तुमच्या पत्राची शेवटची ओळच जास्त बोलकी वाटली. थोरला विसाव्या वर्षी दोराशिवाय, हेल्मेटशिवाय तापीत उडी मारत होता. म्हणजे तुम्ही २६ च्या दुकानदाराची तुलना २० च्या पोराशी करताय. थोरला थांबला तो थोरला म्हणून नव्हे, गल्ल्यावर बसावं लागलं म्हणून. (त्याला याबद्दल कुणी कधी विचारलं का?)

परवानगी द्या, पण चौकशी करून. कोर्स घेणाऱ्यांची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे का, ते विचारा. राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणात ती आहे. दोर किती जुना, हार्नेसची (अंगाला बांधायच्या पट्ट्यांची) बकलं उतरण्याआधी दुसरं कोण तपासतं, हेल्मेट सक्तीचं आहे का, तेही विचारा. ‘काही होत नाही हो काकू’ असं उत्तर आलं, तर दुसरा कोर्स शोधा. गाठी मारत बसणारा पोरगा मला बेफिकीर वाटत नाही. आज रात्री त्याच्याकडून एक गाठ शिकून बघा.

आणि सासूबाईंना सांगा, ‘धाकला असाच’ हे त्याच्यासमोर नको. एका रविवारी गल्ल्यावर तुम्ही बसा, थोरल्यालाही त्याच्याबरोबर लळिंगला जाऊ द्या.