लग्नाचा पोशाख नव्हता म्हणून बाहेर काढलं, हा कुठला न्याय?

प्रश्न: बायबलमधल्या मत्तय २२ मधला राजपुत्राच्या लग्नाचा दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली बोधकथा, ऐकला की मला दर वेळी त्रास होतो. राजा नोकरांना सांगतो, चव्हाट्यावर जे भेटतील त्यांना घेऊन या, आणि मग त्यातल्याच एकाच्या अंगावर लग्नाचा पोशाख नाही म्हणून त्याला हातपाय बांधून अंधारात टाकतो. रस्त्यावरून उचलून आणलेल्या माणसाने पोशाख आणायचा कुठून? दुसरं म्हणजे माझा भाऊ लवकरच बाप्तिस्मा घेतोय, रोजंदारीवर आहे, पांढरे कपडे त्याच्याकडे नाहीत आणि मंडळीतले काही जण म्हणतात की पांढऱ्याशिवाय चालणारच नाही. तारण काय कपड्यांवर असतं का?
– एक भगिनी, अहिल्यानगर

उत्तर: ताई, तुमचा राग मला पटतो. हा दाखला घाईघाईत वाचला तर राजा गरिबावर अन्याय करतोय असंच वाटतं. पण १० वं वचन परत बघा, नोकरांनी बरेवाईट सगळेच गोळा केले आणि मंडप भरला. म्हणजे सगळेच रस्त्यावरचे, कुणीच घरून तयार होऊन आलेलं नाही, आणि तरी पोशाख नाही तो फक्त एकाच्या अंगावर! बाकीच्यांना तो कुठून मिळाला? यजमानच पाहुण्यांना झगे द्यायचा असं बरेच जण प्रवचनात सांगतात. दाखल्यात तसं स्पष्ट लिहिलेलं नाही, म्हणून मी ते ठामपणे सांगणार नाही, पण कपडे देणं हा मान होता हे शास्त्रात इतरत्र दिसतं, योसेफ आपल्या भावांना कपड्यांचे जोड देतो (उत्पत्ती ४५), आणि २ राजे १० मध्ये तर देवळात जमलेल्या लोकांसाठी वस्त्रं भांडारातून बाहेर काढली जातात.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं आहे ते पुढचं. राजा त्याला ‘मित्रा’ म्हणून हाक मारतो आणि विचारतो, तू असा आत कसा आलास? आता तो म्हणू शकला असता ना, की महाराज मी गरीब आहे, मला कुणी दिलाच नाही. तो गप्प राहतो, त्याच्याकडे उत्तरच नाहीये. म्हणजे ऐपत नव्हती हे कारण नव्हतंच. जेवण हवंय, मंडप हवाय, पण राजाकडून काही अंगावर घ्यायचं नाहीये, मी आहे तसाच ठीक आहे, असा तो माणूस आहे असं मी समजते.

तो पोशाख म्हणजे नेमकं काय यावर मात्र पूर्वीपासून चर्चा आहे. सुरुवातीच्या शतकांतला मोठा ख्रिस्ती धर्मगुरू ऑगस्टीन याने आपल्या प्रवचनात त्याचा अर्थ प्रीती असा केला, प्रोटेस्टंट परंपरेत बरेच जण ख्रिस्ताची धार्मिकता म्हणतात जी विश्वासाने मिळते, आणि प्रकटीकरण १९:८ मध्ये तागाची तलम वस्त्रं म्हणजे पवित्र जनांची नीतिकृत्यं असं म्हटलंय. मला यात भांडण दिसत नाही, कारण त्या वचनातही नवरीला, म्हणजे ख्रिस्ताच्या मंडळीला, ती वस्त्रं नेसायला ‘दिली’ आहेत.

हे देणं शास्त्रात सुरुवातीपासून आहे. आदाम आणि हव्वा अंजिराची पानं शिवून स्वतःला झाकायला बघतात, आणि देव स्वतः त्यांच्यासाठी चामड्याची वस्त्रं करून त्यांना घालतो. यशया ६४ मध्ये आपली सत्कर्मंसुद्धा मळक्या वस्त्रांसारखी आहेत असं म्हटलंय, आणि त्याच पुस्तकात ६१:१० मध्ये संदेष्टा हर्षाने गातो की त्याने मला तारणाची वस्त्रं नेसवली.

जमलं तर जखऱ्याचा ३ रा अध्याय भावाला मोठ्याने वाचून दाखवा. मुख्य याजक यहोशवा परमेश्वराच्या दूतासमोर मळक्या कपड्यांत उभा आहे, बाजूला सैतान आरोप करायला टपलेला, आणि यहोशवा त्या सगळ्या दृश्यात एक शब्दही बोलत नाही. आधी आंघोळ करून ये असं त्याला कुणी सांगत नाही. त्याची मळकी वस्त्रं काढा असा हुकूम सुटतो, तुझा दोष मी दूर केलाय असं त्याला सांगितलं जातं, मग उत्तम पोशाख, डोक्यावर स्वच्छ मंदील. हे मी कितीदा वाचलंय तरी भरून येतं.

आता पांढऱ्या कपड्यांचं. ही प्रथा खूप जुनी आहे आणि सुंदर आहे, तिला नावं ठेवू नका. चौथ्या शतकात बाप्तिस्म्याला आलेला माणूस आपला अंगरखा उतरवून पाण्यात जायचा आणि नंतर पांढरं वस्त्र घालायचा, ईस्टरला बाप्तिस्मा घेतलेले लोक तो पूर्ण आठवडा पांढऱ्या कपड्यांत वावरायचे. कॅथलिक विधीत आजही बाळाला पांढरं वस्त्र देतात. पण क्रम बघा, वस्त्र बाप्तिस्म्यानंतर मिळायचं, दारातच तपासायचं नाही! गलती ३:२७ मध्ये पौल म्हणतो की ज्यांचा बाप्तिस्मा झाला त्यांनी ख्रिस्ताला परिधान केलंय, आणि तिथे कापडाचा विषयच नाही. खुद्द ऑगस्टीनचं मन ३८६ साली मिलानच्या बागेत वळलं ते रोमकर १३ मधलं ‘प्रभू येशू ख्रिस्ताला परिधान करा’ हे वचन वाचून, आणि त्याचा बाप्तिस्मा झाला पुढच्या वर्षी, ३८७ च्या ईस्टरला.

त्यामुळे भावाला सांगा, धुतलेला कुठलाही शर्ट-पँट चालेल, त्याचं तारण त्यावर अडलेलं नाही. तरी पाळकसाहेबांशी आधीच बोलून घ्या. कितीतरी मंडळ्यांमध्ये बाप्तिस्म्याचे पांढरे झगे चर्चमध्येच ठेवलेले असतात, तुमच्याकडे नसतील तर महिला मंडळाला विचारा, साध्या सुती कापडाचे लहानमोठ्या मापाचे चार-पाच शिवून ठेवले की भावाचंही काम होईल आणि त्याच्यामागून येणाऱ्यांचंही.