जुनं कपाट घेताना आधी आतून बघा

कोरीव काम नंतर बघा, आधी टेपने आतली खोली मोजा. हँगर आडवे मावायला ५५ ते ६० सेंमी लागतात. बरीच जुनी कपाटं घड्यांसाठी किंवा खुंट्यांसाठी केलेली असल्याने उथळ असतात, मग दार लागत नाही.

खण काढून उलटा करा. हाताने कापलेले सांधे किंचित असमान दिसतात. पाठीला प्लायवूड असेल तर पाठ बदललेली आहे, किंवा कपाट सांगतात तितकं जुनं नाही.

किडीची जुनी छिद्रं चालतील. पण खाली ताजी भुकटी पडत असेल तर कृपया घेऊ नका, कीड घरातल्या बाकी लाकडातही पसरू शकते.

दार घासतंय? रंधा मारू नका. बऱ्याचदा जमीनच असमान असते; पायाखाली पाचर घालून बघा.