अणू फुटतो, परमाणू फुटत नाही, आणि विघटन तर कोणाचंच होत नाही

प्रश्न असा आलाय: "न्यूक्लिअर फिशनला अणुविघटन, अणुविखंडन, अणुविभाजन असे तीन शब्द वाचनात आले, बरोबर कोणता? अणू म्हणायचं की परमाणू? आणि अणु ह्रस्व की दीर्घ?"

विघटन आधी खोडा. टीव्हीवर, पेपरात, यूपीएससीच्या नोट्समध्ये सगळीकडे हे अणुविघटन ऐकून कान किटले. विघटन कचऱ्याचं होतं, पालापाचोळ्याचं होतं, म्हणजे आपोआप, हळूहळू सुटं सुटं होत जाणं. युरेनियमचं तसंही काही होत असतंच, पण ती वेगळी भानगड, किरणोत्सारी ऱ्हास. युरेनियम-235 ची निम्मी रास ऱ्हास पावायला सुमारे 70 कोटी वर्षं लागतात, आणि प्रत्येक वेळी एक छोटा अल्फा कण बाहेर पडून जेमतेम 47 लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणूंच्या जगातलं ऊर्जेचं माप) एवढी ऊर्जा मिळते. फिशनमध्ये त्याच युरेनियमच्या केंद्रकाचे, म्हणजे अणूच्या मधल्या गाभ्याचे, दोन मोठाले तुकडे होतात, क्षणार्धात, आणि ऊर्जा मिळते 20 कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट. या दोन गोष्टींना एकच शब्द वापरला की पोरं परीक्षेत दोन्हीचं उत्तर एकच लिहितात, मग त्यांना बोलून काय उपयोग.

आता परमाणू. हिंदीत ॲटम म्हणजे परमाणु आणि मॉलिक्यूल म्हणजे अणु. मराठीत ॲटम म्हणजे अणू आणि मॉलिक्यूल म्हणजे रेणू. एवढं सरळ असताना हल्ली मराठी बातम्यांत 'परमाणू करार', 'परमाणू ऊर्जा' सुरू झालंय, कारण बातमी दिल्लीहून हिंदीत येते आणि इथे नुसता चेहरा धुऊन छापतात. एकाच ट्रॉम्बेतली एकच संस्था, मराठीत भाभा अणुसंशोधन केंद्र आणि हिंदीत भाभा परमाणु अनुसंधान केंद्र, आणि शेजारच्या वसाहतीचं नाव मात्र अणुशक्तीनगर, ते कोणी परमाणुशक्तीनगर केलं नाही, नशीब.

पण माझं म्हणणं याच्या पुढचं आहे. मराठीचा शब्द नुसता 'आपला' म्हणून बरा नाही, तो हिंदीपेक्षा जास्त बरोबर आहे. वैशेषिक दर्शनात, म्हणजे वस्तू कशाच्या बनल्यात याचा विचार करणाऱ्या जुन्या भारतीय तत्त्वज्ञानात, परमाणु म्हणजे काय? नित्य आणि निरवयव. त्याला भाग नाहीत, तो उत्पन्न होत नाही की नष्ट होत नाही. म्हणजे जो फुटूच शकत नाही तो परमाणु! आणि त्याचं 'विखंडन' करायचं? वदतो व्याघात, म्हणजे आपलंच बोलणं आपणच खोडणं, म्हणतात तो हाच. दोन परमाणू मिळून द्व्यणुक, तीन द्व्यणुकं मिळून त्र्यणुक, त्यालाच त्रसरेणु म्हणतात, कवडशात तरंगताना दिसतो तो धुळीचा कण. यावर कोणीतरी पंडित म्हणणारच की अणू आणि परमाणू एकच हो, वैशेषिकांनीच परमाणूला अणु म्हटलंय. म्हटलंय, मान्य. पण अणु हे तिथे मापाचं नाव आहे, आणि ते माप द्व्यणुकालाही लावलंय, आणि द्व्यणुक अनित्य आहे, ते मोडतं. म्हणजे मोडणारी वस्तूसुद्धा अणु असू शकते, परमाणु कधीच नाही. मराठीने रेणू हा शब्दही त्या त्रसरेणूवरूनच उचलला असावा हा माझा तर्क, कारण कोणाही सुज्ञ माणसाला जोडून झालेल्या कणासाठी तोच आठवेल. सिद्ध करून दाखवा म्हणाल तर नाही दाखवत, पण दुसरं कोणी याहून बरं सांगत नाही तोवर मी हेच धरून बसणार.

ग्रीकांची पंचाईत याहून मोठी. त्यांचा 'आतोमोस' म्हणजे न कापलेला, न कापता येणारा. ऑपरेशनच्या नावांत शेवटी जे 'टमी' येतं ते त्याच कुळातलं. म्हणजे 'ॲटम स्प्लिट केला' हे इंग्रजीत मुळातच 'न कापता येणारा कापला' असं होतं. आपल्या अणूला असलं काही ओझंच नाही, अणु म्हणजे बारीक, बस. ज्यांच्या घरी रुद्र म्हणतात त्यांनी चमकातला धान्यांचा अनुवाक आठवा, 'प्रियंगवश्च मे अणवश्च मे श्यामाकाश्च मे'. तांदूळ, जव, उडीद, तीळ, मूग, गहू, मसूर मागून झाल्यावर तिथे अणु मागितलेत! अणु हे धान्याचं नाव आहे, बारीक दाण्याचं, आपल्या वरीच्या जातीचं. कित्येक घरांत दर सोमवारी लोक देवाकडे अणू मागतायत आणि त्यांना पत्ता नाही.

आणि गंमत पुढे आहे. न्यूक्लिअस हा लॅटिन शब्द, 'नुक्स' म्हणजे कवचाचं फळ, बदाम-आक्रोड वगैरे, त्याच्या आतला गर तो न्यूक्लिअस. म्हणजे अणु हा दाणा आणि न्यूक्लिअस हा गर, दोन भाषांनी एकमेकींना न विचारता जुळवून ठेवलंय. (जुन्या मराठी लिखाणात अणुगर्भ असा शब्द सापडतो, मला तो केंद्रकापेक्षा कितीतरी आवडतो. केंद्रक म्हटलं की वर्तुळाचा मध्यबिंदू आठवतो, आत काही भरलंय असं वाटतच नाही.) हा न्यूक्लिअस शब्द भौतिकशास्त्रज्ञ रदरफोर्डने काही नव्याने घडवला नाही. रॉबर्ट ब्राउनने 1831 मध्ये वनस्पतीच्या पेशीत जो गोळा पाहिला त्याला न्यूक्लिअस म्हटलं, आणि 1911 मध्ये रदरफोर्डला कळलं की अणूचा जवळजवळ सगळा ऐवज मधल्या एका इवल्याशा जागेत आहे, तेव्हा पुढच्याच वर्षी त्याने तोच तयार शब्द वापरला. किती इवल्याशा? युरेनियमच्या अणूचा व्यास घेतलात तर त्याच्या साधारण वीस हजाराव्या हिश्शात 92 प्रोटॉन आणि 143 न्यूट्रॉन कोंबलेले. बाकी सगळीकडे इलेक्ट्रॉन, आणि फिशनशी त्यांचा काहीएक संबंध नाही. कोळसा जळतो तो इलेक्ट्रॉनांचा खेळ, एका कार्बनच्या अणूमागे 4 इलेक्ट्रॉन-व्होल्ट मिळतात. वरचे 20 कोटी आठवा.

तर, फिशन. हाही शब्द जीवशास्त्राकडूनच उसना घेतलेला, म्हणजे अणुविज्ञानाचे दोन्ही खांब पेशीवाल्यांचे! 1938 च्या डिसेंबरात बर्लिनमध्ये ओटो हान आणि श्ट्रासमान या रसायनशास्त्रज्ञांनी युरेनियमवर न्यूट्रॉन सोडले आणि हाती बेरियम लागलं. 92 प्रोटॉनवाल्यातून 56 वाला कसा येईल? हानने आपली सहकारी, भौतिकशास्त्रज्ञ लिझे माइटनर हिला पत्रात लिहिलं की युरेनियम असं बेरियममध्ये 'त्सेरप्लाट्झेन' होऊ शकत नाही हे आम्हालाही कळतंय. त्सेरप्लाट्झेन म्हणजे जर्मनमध्ये फट्‌कन फुटणं, फुग्यासारखं. म्हणजे पहिला शब्द आपला साधा 'फुटणं' हाच होता. माइटनरबाई ज्यू कुळातल्या म्हणून जर्मनीतून निसटून स्वीडनला गेलेल्या, नाताळात भाचा ओटो फ्रिश भेटायला आला, दोघं बर्फात फिरायला निघाले, तो स्कीवर आणि ही पायी, आणि एका ओंडक्यावर बसून कागदाच्या चिटोऱ्यांवर हिशेब मांडला. तो हिशेबच सगळ्याचं मर्म आहे आणि नेमका तोच लोक गाळतात.

केंद्रकात प्रोटॉन एकमेकांना ढकलत असतात, सगळे धन भाराचे. त्यांना धरून ठेवणारं केंद्रकीय बल जबर, पण ते फक्त अगदी चिकटलेल्या शेजाऱ्यापुरतं, ढकलणं मात्र लांबूनही चालू. युरेनियममध्ये ही ओढाताण जेमतेम बरोबरीत सुटलेली असते. एक न्यूट्रॉन आत शिरला की तो थेंब (त्यांनी केंद्रकाला थेंबच मानलं होतं) हेलकावे खातो, लांबतो, कमरेशी बारीक होतो, आणि एकदा का दोन गोळे जरा लांब झाले की धरून ठेवणारं बल तिथवर पोचतच नाही, उरतं नुसतं ढकलणं. समजा 56 प्रोटॉनचं बेरियम आणि 36 चं क्रिप्टॉन, दोघं एकमेकांना असे भिरकावतात की सेकंदाला दहा हजार किलोमीटरच्या आसपास वेग. माइटनर-फ्रिशनी या ढकलण्याची ऊर्जा काढली, 20 कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट आली. मग माइटनरबाईंनी वस्तुमानाची सूत्रं तोंडपाठ होती त्यावरून तुकड्यांचं वजन काढलं, तर मूळ केंद्रकापेक्षा एका प्रोटॉनच्या पाचव्या हिश्शाएवढं कमी. आइन्स्टाइनच्या सूत्रात घालून बघितलं, पुन्हा 20 कोटी!

म्हणून 'वस्तुमान जळून त्याची ऊर्जा होते' असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. काय जळतं? 235 आणि आत शिरलेला एक, 236 कण होते. फुटल्यावर 141 कणांचं बेरियम, 92 कणांचं क्रिप्टॉन आणि 3 सुटे न्यूट्रॉन, बेरीज करा, 236 च्या 236. एकही प्रोटॉन, एकही न्यूट्रॉन गायब नाही. वस्तुमानातली घट, तीही हजारात एक भागाहून थोडी कमीच, ही पावती आहे, माल नव्हे. ऊर्जा दिली ती विजेच्या ढकलण्याने. पाठ्यपुस्तकवाले ई इज इक्वल टू एमसी स्क्वेअर लिहून मोकळे होतात, आणि पोरांना वाटतं युरेनियमची वाफ होऊन ऊर्जा झाली.

बाकीचं पटकन: ते तुकडे इंधनातच मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाएवढं अंतर जाऊन धडकत धडकत थांबतात, तीच उष्णता. तारापूरच्या 1969 पासूनच्या पहिल्या दोन युनिटांत तिच्यावर पाणी थेट भट्टीतच (रिॲक्टरमध्येच) उकळतं आणि वाफेवर टर्बाइन फिरतं. सुटे न्यूट्रॉन पुढची केंद्रकं फोडतात, ती साखळी. एक ग्रॅम युरेनियम-235 पुरतं फुटलं तर जवळपास एक मेगावॅट दिवसभर चालेल एवढी उष्णता निघते, चांगला दगडी कोळसा घेतलात तर अडीच-तीन टन जाळायला लागेल. भट्टी शब्दाला माझी हरकत नाही, आग नसली तरी ताप आहे.

हां, शब्द. कोपनहेगनला परतल्यावर फ्रिशने तिथल्या विल्यम आर्नोल्ड नावाच्या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाला विचारलं, एका पेशीच्या दोन होतात त्याला तुम्ही काय म्हणता? तो म्हणाला बायनरी फिशन. फ्रिशने बायनरी सोडलं आणि फिशन घेतलं. फेब्रुवारी 1939 मध्ये दोघांचं टिपण 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत आलं त्याच्या शीर्षकात मात्र 'डिसइंटिग्रेशन', म्हणजे विघटनच, होतं, फिशन आत, अवतरणचिन्हांत. आठवड्याने फ्रिशचं एकट्याचं आलं त्याच्या शीर्षकात 'डिव्हिजन'. म्हणजे विघटनवाल्यांना तेवढा एक आधार आहे, पण तो आठवडाभरच टिकला.

आता आपली शाळेची पुस्तकं बघा. अमीबाचं बायनरी फिशन म्हणजे द्विविभाजन, आणि युरेनियमचं फिशन म्हणजे विखंडन. शब्द एक, मुद्दाम उसना घेतलेला, आणि आपण जीवशास्त्राच्या तासाला एक नाव आणि फिजिक्सच्या तासाला दुसरं देऊन तो धागाच कापून टाकला. माझ्या हातात असतं तर केंद्रकाचं द्विविभाजन म्हटलं असतं. विखंडनात तुकडे किती ते कळत नाही, खंडण्याचा सूर तोडफोडीचा, आणि इथे गोळा लांबून कमरेत बारीक होऊन दोन होतो, अमीबाच तो. परिभाषा ठरवणाऱ्यांना हे सुचलं नाही की सुचून सोडलं, कोण जाणे. पण विखंडन आता रुळलंय, परीक्षेत विखंडनच लिहा, मार्क जायचे उगाच. बोलताना 'केंद्रक फुटलं' म्हणा, हानसुद्धा तेच म्हणत होता.

ह्रस्व-दीर्घ राहिलं. एकटा असला की अणू, दीर्घ. समासात पुढे काही आलं की ह्रस्व, अणुऊर्जा, अणुभट्टी, अणुबॉम्ब. रेणूचंही तेच, रेणुसूत्र.