मॅकचा वॉलपेपर दिसतो, पण विंडो दिसत नाहीत

तुम्ही विंडोज लॅपटॉपवरून रिमोट सॉफ्टवेअरने (दुरून दुसरा संगणक चालवायच्या अ‍ॅपने) वडिलांच्या मॅकला जोडताय, फक्त वॉलपेपर दिसतोय आणि माऊस हलत नाही, असं म्हणालात. म्हणजे नेट ठीक आहे, राउटरला उगाच हात लावू नका. ही मॅकच्या परवानग्यांची भानगड आहे.

२०१९ च्या कॅटालिनापासून (ही मॅकच्या ऑपरेटिंग सिस्टिमची एक आवृत्ती) स्क्रीन दाखवायला वेगळी परवानगी लागते. ती नसेल तर नेमकं हेच होतं: वॉलपेपर दिसतो, उघड्या विंडो गायब. माऊस-कीबोर्डची परवानगी आणखी वेगळी. वडिलांना फोनवर घ्या आणि सिस्टिम सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी उघडायला सांगा. तिथे स्क्रीन रेकॉर्डिंग आणि अ‍ॅक्सेसिबिलिटी, दोन्हीकडे तुमच्या रिमोट सॉफ्टवेअरचं बटण चालू हवं. मग मॅकवरचं ते सॉफ्टवेअर पूर्ण बंद करून पुन्हा उघडायचं. नुसती खिडकी मिटवून भागत नाही.

बटण आधीच चालू दिसतंय? अपडेटनंतर कधीकधी ते नुसतं शोभेला राहतं. यादीतून ते नाव वजाच्या चिन्हाने काढा आणि अधिकच्या चिन्हाने परत घाला. पासवर्ड मागेल, तो वडिलांना आठवतोय ना, हे आधी विचारून ठेवा!

समोरच्या संगणकावर मॅकऐवजी लिनक्स असेल आणि स्क्रीन काळी येत असेल, तर लॉगिनच्या वेळी वेलँडऐवजी एक्सऑर्ग निवडता येतंय का ते बघा (लिनक्सवर स्क्रीन दाखवायच्या या दोन वेगळ्या पद्धती).