सेसनावरून पायपरवर जाताना

प्रश्न: सर, मी नागपूरच्या मनीषनगरचा. नोकरीसाठी टेक्सासला होतो तेव्हा तिथलंच प्रायव्हेट पायलट लायसन्स काढलं, सगळे तास सेसना 172 या लहान विमानावर. पुढच्या महिन्यात परत तिकडं जाऊन राहिलो, मित्राच्या क्लबात पायपर कंपनीची वॉरियर आणि अ‍ॅरो ही विमानं आहेत. सरळ उडवू शकतो का वेगळं ट्रेनिंग लागते? आणि भारतीय लायसन्स घेतलं तर हेच नियम का?

उत्तर: भाऊ, आधी कागदाचं सांगतो. अमेरिकेत तुमच्या लायसन्सवर सिंगल इंजिन लँड असा क्लास लिहिलेला असतो, मॉडेल नाही, म्हणून वॉरियरसाठी कायद्यानं वेगळं काही लागत नाही. अ‍ॅरोची चाकं आत जातात, प्रोपेलरचा पिच म्हणजे पात्यांचा कोन बदलतो, फ्लॅप म्हणजे पंखामागच्या खाली येणाऱ्या पट्ट्या आहेतच, म्हणजे ते कॉम्प्लेक्स विमान, त्यासाठी इन्स्ट्रक्टरकडून ट्रेनिंग घेऊन लॉगबुकात एकदा सही घ्यावी लागते. 200 हॉर्सपॉवरच्या वर इंजिन असलं तर हाय परफॉर्मन्सची सही वेगळी, शेपटीला चाक असलं तर टेलव्हीलची वेगळी. आपल्याकडं मात्र लायसन्समध्ये विमानाचा टाइप लिहितात, नवीन टाइप चढवायचा तर त्याचा टेक्निकल पेपर आणि फ्लाइट टेस्ट द्यावी लागते, त्यामुळं तिथला हिशोब इथं लावू नका.

आता खरी गोष्ट. कागद लागत नाही म्हणून वॉरियरमध्ये एकटे बसू नका, मी हात जोडून सांगतो. 172 मध्ये पंख वर, पेट्रोल आपोआप खाली येते, सिलेक्टर, म्हणजे कोणत्या टाकीतलं पेट्रोल घ्यायचं तो खटका, बोथवर (दोन्ही टाक्या) ठेवला की झालं. वॉरियरमध्ये पंख खाली, सिलेक्टरवर बोथ नाहीच, एक तर लेफ्ट नाही तर राइट, आणि टेकऑफ-लँडिंगला इलेक्ट्रिक पंप चालू पाहिजे. माझ्याकडं एक मुलगा होता, सेसनावर हात एकदम साफ, पायपरमध्ये टाकी बदलायची वेळ झाली तरी त्याच्या डोक्यात ते आलंच नाही, मी मुद्दाम गप्प बसून बघत होतो आणि शेवटी मीच सिलेक्टर फिरवला. एकटा असता तर दुसऱ्या टाकीत पेट्रोल भरलेलं असताना इंजिन बंद पडलं असतं. फ्लॅपचंही तसंच, सेसनात पॅनलवर स्विच, इथं दोन सीटच्या मधी हातानं ओढायचा दांडा. ग्लाइडची, म्हणजे इंजिन बंद पडल्यावर तरंगत खाली यायची, स्पीड 172एस या मॉडेलची 68 नॉट, वॉरियरची 73. लँडिंगला वॉरियर जमिनीजवळ तरंगत राहते, स्पीड जास्त ठेवली तर अर्धा रनवे तसाच निघून जातो.

आणि नागपूरचा उन्हाळा तुम्हाला माहीतच आहे, विमानतळ हजार फुटांवर, पण मे मधल्या 45 डिग्रीत हवा विरळ होऊन विमान जवळजवळ पाच हजार फुटांवर असल्यासारखं चढते. टेक्सासची दुपारही काही कमी नाही, म्हणून नव्या विमानाचा टेकऑफचा तक्ता त्या दिवसाच्या तापमानावर काढा, 172 चे आकडे डोक्यातून काढून टाका.

माझ्या मते वॉरियरसाठी इन्स्ट्रक्टरसोबत चार-पाच तास तरी घ्या, नुसते सर्किट, म्हणजे रनवेभोवतीच्या फेऱ्या, मारू नका, स्टॉल (पंखाची उचल सुटणं) आणि इंजिन फेल्युअरही करा. अ‍ॅरो त्यानंतर, आणि त्यात फायनलवर, म्हणजे रनवेसमोर उतरायला येताना, चाकं बाहेर आल्याचे तीन हिरवे दिवे मोठ्यानं मोजायचे. त्याआधी एक दिवस उभ्या विमानात डोळे मिटून बसा, मित्राला एकेक नाव घ्यायला सांगा, सिलेक्टर, पंप, फ्लॅप, मिक्स्चर (पेट्रोल-हवेचं प्रमाण). हात न चाचपडता तिथं गेला पाहिजे, नाही गेला तर त्या दिवशी उडू नका.