बदली कामगाराचा नातू

न्यू जर्सीतल्या एका आईचं पत्र आलं आहे. मुलगा तिथेच जन्मलेला, कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघात 'सेफ्टी' म्हणून, म्हणजे बचावाच्या शेवटच्या फळीत खेळतो. मे महिन्यात सिव्हिल इंजिनिअरिंगची पदवी मिळेल, एका कंपनीचं नोकरीचं पत्रही हातात आहे. पण त्याचा एजंट म्हणतो, ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ कॉलेजचे खेळाडू घेतात त्या वार्षिक निवडीत, नाव येणार नाही, तरी एनएफएल या व्यावसायिक लीगमधला एखादा संघ उन्हाळी शिबिराला बोलावेल. मुलाला जायचंय. वडील म्हणतात, "हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागलाय." आणि पत्राच्या शेवटी एक ओळ: "माझे सासरे परळच्या गिरणीत बदली कामगार होते, यांचं लहानपण त्या टांगणीत गेलं."

ताई, ती शेवटची ओळ मी दोनदा वाचली. तुमच्या यजमानांना या धंद्याची अडचण आपल्या सगळ्यांपेक्षा लवकर कळली आहे, कारण त्यांनी ती घरात पाहिली आहे. सकाळी गिरणीच्या दारात उभं राहायचं, कायम कामगार आला नाही तर आत जायचं, सगळे आले तर डबा तसाच घेऊन घरी. तुमचा मुलगा ज्या दारात उभा राहणार आहे, तिथलं कामही याच पद्धतीनं चालतं, फक्त पैसे डॉलरमध्ये मिळतात.

एनएफएलमध्ये 32 संघ आहेत. शिबिराला प्रत्येक संघ साधारण 90 जणांना बोलावतो आणि ऑगस्टच्या अखेरीस ही यादी 53 वर आणतो. म्हणजे एकाच कपातीत सगळे संघ मिळून हजाराहून जास्त मुलांची नावं कमी होतात. संघाचा एक माणूस सकाळी येतो, म्हणतो, "कोचनी बोलावलंय, टॅबलेट बरोबर घे." टॅबलेटमध्ये संघाच्या सगळ्या चाली असतात, तो परत द्यायचा असतो. या माणसाला खेळाडू 'टर्क' म्हणतात. कमी झालेल्यांपैकी काहींना 16 जणांच्या सराव पथकात घेतात. तिथला पगार 2025 च्या सीझनला आठवड्याला किमान 13,000 डॉलर होता, मुख्य यादीतल्या नवख्याला वर्षाला किमान 8,40,000. आकडे ऐकून घरात सगळे गप्प होतात, म्हणून स्पष्ट लिहिते: हा वर्षाचा पगार सीझनच्या 18 आठवड्यांत भागून मोजतात. तीन आठवडे यादीत राहिला तर तीन आठवड्यांचा, मंगळवारी काढलं तर पुढचा नाही. शिबिराच्या काळात तर फक्त भत्ता मिळतो.

मुलगा तुम्हाला कर्ट वॉर्नरची गोष्ट सांगतो, असं तुम्ही लिहिलंय. किराणा दुकानात रात्री फळ्यांवर माल लावणारा हा माणूस पुढे सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना जिंकला, ते खरंच आहे. पण त्याला सांगा, जॉश जॉन्सन या क्वार्टरबॅकची, म्हणजे चेंडू फेकून संघाच्या चाली चालवणाऱ्या खेळाडूची कारकीर्द वाच. 2008 मध्ये पाचव्या फेरीत निवड, आणि मग विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. तो एनएफएलच्या 14 वेगवेगळ्या संघांकडे राहिला आहे, इतके संघ दुसऱ्या कुणाचेच नाहीत. मधल्या वर्षांत छोट्या लीगमध्येही खेळला. डिसेंबर 2018 मध्ये वॉशिंग्टनचे क्वार्टरबॅक जखमी झाले तेव्हा त्याला बोलावलं. नव्या सहकाऱ्यांची नावं पाठ करायला त्यानं मॅडन हा व्हिडिओ गेम वापरला, कारण वेळच नव्हता! त्याच महिन्यात सुरुवातीपासून खेळून त्यानं पहिला विजय मिळवला, निवडीनंतर दहा वर्षांनी. ही दहा वर्षं कशी काढली असतील, यावर तुमच्या मुलानं एक रात्र विचार करावा. शिवाय क्वार्टरबॅकचं ज्ञान वयाबरोबर वाढतं, सेफ्टीला पायांत वेग लागतो. त्याला दहा वर्षं मिळणार नाहीत. खेळाडूंची संघटना सरासरी कारकीर्द सव्वातीन वर्षांच्या आसपास सांगते.

मग त्याला एकच प्रश्न विचारा: "किकऑफ आणि पंटच्या वेळी, म्हणजे चेंडू लाथेनं समोरच्या संघाकडे पाठवतात तेव्हा, धावायला तुला मनापासून आवडतं का?" कारण यादीतल्या शेवटच्या चार-पाच जागा या 'स्पेशल टीम्स'च्या कामावर मिळतात. चेंडू लांब लाथाडल्यावर जो जीव तोडून चाळीस-पन्नास यार्ड धावतो आणि समोरच्याला पाडतो, त्याचं नाव टीव्हीवर क्वचित येतं, पण दुसऱ्या संघाच्या फोनबुकात येतं. मुलगा म्हणाला "ते काम कुणीही करेल", तर शिबिराला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. डोळे चमकले तर जाऊ द्या.

डोक्याच्या दुखापतीबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंय, पण झोप त्यानंच उडाली असणार. 2017 मध्ये बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी एनएफएल खेळलेल्या 111 जणांचे मृत्यूनंतर दान केलेले मेंदू तपासले, 110 मध्ये सीटीई हा डोक्याला वारंवार मार बसल्यानं होणारा मेंदूचा आजार सापडला. ज्या घरांना आधीच शंका होती त्यांनीच बहुतेक मेंदू दिले, म्हणून प्रत्येक खेळाडूला हेच होईल असं नाही. भीती मात्र खोटी नाही. बदली खेळाडूला यात जास्त धोका असतो, कारण जागा जाईल म्हणून तो चक्कर लपवतो. त्याला हे नीट समजावा: दुखापत संघाच्या डॉक्टरांकडे नोंदलेली असेल तर तिचे पैसे मागता येतात. लपवली आणि जाताना तपासणीत पास झाला, तर हातात काही उरत नाही. आणि शिबिराआधी संघाशी संबंध नसलेल्या न्यूरॉलॉजिस्टकडून एकदा तपासणी करून घ्या.

आता इंजिनिअरिंग. मे पर्यंत एकही विषय राहू नये, ही अट घाला, यावर माघार घेऊ नका. अभ्यास ताजा असताना त्यानं एफ.ई. परीक्षा देऊन टाकावी, इंजिनिअरच्या परवान्याच्या वाटेवरची ती पहिली पायरी आहे. कंपनीला आजच लिहावं, खरं कारण सांगून, की रुजू होण्याची तारीख जानेवारीवर ढकलता येईल का. नाही म्हणाले तरी परीक्षा आणि पदवी त्याच्याकडे राहतीलच. मुदत त्यानं स्वतः ठरवून कागदावर लिहावी. मला दोन उन्हाळे पुरेसे वाटतात.

आणि शिबिराला निघण्याआधी यजमानांना सांगा, तुमचे बाबा रोज सकाळी गिरणीच्या दारात कसे जायचे ते मुलाला सांगा. अडवण्यासाठी नको, नुसतं सांगा. डबा घेऊन परत आल्यावर घरात कोण काय बोलायचं, कोण बोलायचं नाही, हेही. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात त्याला त्याचा उपयोग होईल. त्या दिवशी फोन तुम्ही करू नका, त्याचा येऊ द्या.